आठ-पाचची ओळ

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, कारण आजची गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. तिच्यात कोडं आहे, शोध आहे, मोठ्या माणसांची फजितीही आहे. शेवटी हसायला येईल असं वचन मात्र मागू नका. ऐकून घरी जाताना मन थोडं मऊ झालेलं असेल, एवढं वचन पुरे.

तर सुट्टीचे दिवस. नदीतल्या दगडांवरून उड्या मारत तिघं पलीकडे जाऊन परत आली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सगळ्यांत पुढे भोंगा. वय अकरा, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचं मांजर उठून बसायचं. तिच्यामागे तिचा थोरला भाऊ वकील. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो पुरावा मागायचा. आणि त्याच्याही मागे मामाचा आठ वर्षांचा मुलगा, शेपूट. त्याला हे नाव का पडलं ते सांगायला नकोच.

मामा वाचनालयाचा ग्रंथपाल. दारातल्या फळ्यावर तो रोज सकाळी दिनविशेष लिहायचा. आजच्या तारखेला जगात काय काय घडलं ते आधी, आणि गावात काही घडलं असेल तर ते सगळ्यांत खाली. त्या दिवशी आठ मे होता.

"ताई, वाच ना," शेपूट म्हणाला.

भोंगाला आग्रह लागतच नसे. "एकोणीसशे दोन, मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक, सेंट पिएर शहर बेचिराख. एकोणीसशे पंचेचाळीस, युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं. एकोणीसशे ऐंशी, देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा. आणि आपल्या गावी नदीच्या पुरात लाकडी पूल वाहून गेला, पहारेकरी रजेवर असल्याने तिघांचा बळी. हे मी गेल्या वर्षीही वाचलं होतं."

शेपटानं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "कुठल्या नदीचा पूर?"

"आपल्याच. दुसरी कुठली आहे?"

"पण माझे तर गुडघेसुद्धा भिजले नाहीत."

वकिलाचे कान टवकारले. "मुद्दा बिनतोड आहे. मामा, मे महिन्यात पूर कसा आला रे?"

मामा हातावरचा खडू झटकत होता. "नोंदवहीत आहे तसं. आठ-पाच. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः उतरवून घेतलंय. आता तो माझा शर्ट न्या आणि शिवणवाल्या आजींकडून बटण लावून आणा. वकिली तिकडे करा."

शिवणवाल्या आजी मागच्या गल्लीत राहायच्या. एक खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले कपडे. त्यांनी शर्ट हातात घेतला आणि दोरा ओवायला लागल्या.

"आजी, सकाळी तुम्ही वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत आलात आणि मागे वळलात," वकील म्हणाला. "लांबच्या गल्लीनं गेलात. का हो?"

"फार बघतोस रे तू." आजींनी सुई थांबवली. "आजच्या दिवशी मी त्या फळ्यासमोरून जात नाही. तो पहारेकरी माझा नवरा होता."



"पूल गेला तेव्हा हे पुलाशीच होते. यांचे चिंब कपडे मी पिळलेत, मला कोण काय सांगणार? पुढं गिरणी बंद पडली, पाहिलेली माणसं पोटासाठी कुठं कुठं पांगली. आणि एके वर्षी फळ्यावर ही ओळ आली. हे तीनदा गेले तुझ्या मामाकडे, पूल भर पावसाळ्यात गेला हेही सांगितलं. तो म्हणाला, नोंदवहीत आहे. मग यांनी बोलणं सोडलं. पण दर वर्षी या दिवशी जाऊन यायचे, ओळ गेली का बघायला. नजर अधू झाल्यावर कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. गेल्या वर्षी एका मुलीनं वाचून दाखवलं म्हणाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले."

 भोंगाला ते आजोबा आठवले. काठी टेकत आलेले, फळ्यापासून दोन हातांवर उभे राहून म्हणालेले, "बाळ, खालची ओळ काय आहे गं?" तिनं ती ठसक्यात वाचली होती. वर पदरचं जोडलं होतं, "असल्या कामचुकाराला पुलालाच बांधून ठेवायला हवं होतं, नाही का आजोबा?" आजोबा म्हणाले होते, "छान वाचतेस हो." आणि गेले होते.



गल्लीत आल्यावर तिनं भावाचा हात धरला आणि गेल्या वर्षीचं सगळं सांगून टाकलं. "दादा, ती ओळ आज पुसायची. उद्या फळा कोरा होईल, सगळे विसरतील, आणि पुढच्या वर्षी मामा पुन्हा तेच लिहील."

एरवी वकिलानं तिला महिनाभर चिडवलं असतं. आज तो एवढंच म्हणाला, "नोंदवही बघू."

पण जुन्या वह्यांच्या कपाटाला मामा पोरांना हात लावू देत नसे. तेव्हा वकील साळसूदपणे म्हणाला, "मामा, मागच्या खोलीतली धूळ झटकू का आम्ही?"

"आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

"पूर्वेला असं ऐकलंय. पुरावा नाही."

मामा हसला आणि किल्ली देऊन बसला.

नदीच्या पाण्याची नोंदवही तळाच्या कप्प्यात होती. वकिलानं पान काढलं. रोज पाणी किती चढलं, त्याची एकेक ओळ. पानाच्या अगदी तळाशी: ८-५, पाणी पुलाच्या फळ्यांना लागले, संध्याकाळी पूल गेला, तीन माणसे. शेजारी टाचलेली नगरपालिकेची चिठ्ठी: ८-५, पहारेकऱ्यास एक दिवस रजा, दात काढण्यासाठी.

वकिलानं वही खाली ठेवली. "मामाचं बरोबर आहे गं. दोन्हीकडे आठ-पाच."

शेपटाला यातलं काही कळत नव्हतं. पानांत दाबलेलं एखादं फूलपाखरू सापडेल म्हणून तो पुढची पानं उलटत होता. "ताई, तेरावा महिना कोणता गं?"

"बावळट, महिने बाराच असतात."

"मग इथं आठ-तेरा कसं लिहिलंय? आठ-चौदापण आहे."

वकिलानं वही ओढून घेतली आणि पुठ्ठा उलटून पाहिला. तिथं नाव होतं; नोंदवही लिहिणारा इंजिनीअर परदेशातला होता. त्याच्याकडे महिना आधी लिहायची रीत. म्हणजे पूल गेला तो पाच ऑगस्टला. नगरपालिकेच्या चिठ्ठीत मात्र आपल्या रीतीनं दिवस आधी, म्हणजे रजा होती आठ मेची, तीन महिने आधीची. आणि उलटलेल्या पानाच्या माथ्यावर ती नोंद पुढे चालू होती: पहारेकऱ्याने वेळेवर घंटा दिली. गिरणीतून सुटलेली साठेक माणसे त्याने आडवे उभे राहून पुलाच्या अलीकडेच रोखली. तिघे त्याला ढकलून पुढे गेले.

वाचनालयात त्या वेळी गावातले निवृत्त हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत होते. पोरांनी वही मामापुढे उघडी ठेवली. मामानं पान वाचलं, उलटलं, पुन्हा मागे आणलं. चष्मा काढला.

"मी हे पान उलटलंच नाही," तो हळू म्हणाला. "तीनदा आले होते रे ते. मी त्यांना म्हणालो, आकडे काय खोटं बोलतात? तिसऱ्या वेळी तर बसासुद्धा म्हटलं नाही."

त्यानं बाहेर जाऊन ती ओळ स्वतःच्या तळहातानं पुसली. हेडमास्तरांनी पोरांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, मोठ्यांची चूक सुधारलीत. असं लक्ष हवं." शेपूट फुलून गेला. भोंगा मात्र आजींच्या गल्लीकडे बघत होती.

मग सगळी आजींकडे गेली. मामानं वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. आजी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत होत्या.

"आजी, गेल्या वर्षीची मुलगी मीच होते," भोंगा म्हणाली. "आणि मी त्यांना... कामचुकार म्हणाले होते."

आजींचं बोट थांबलं. 

"ते मला सांगितलं नाही यांनी. घरी येऊन म्हणाले, आवाज मोठा गोड होता पोरीचा." त्यांनी डोळे टिपले. "आता हे मला आठवत राहील. तुलाही राहील. ये, बस इथं माझ्याजवळ."

भोंगा बसली आणि ढसाढसा रडली. आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग मामाला विचारलं, "खरी ओळ फळ्यावर कधी येईल?"

"पाच ऑगस्टला, आजी."

"बघेन वाट. यांनी बघितली तेवढी तर नाही ना बघावी लागणार."

पाच ऑगस्टला पोरं आपापल्या शाळेत होती. फळ्यावर वरती होतं, अठराशे अठ्ठावन्न साली अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकून पूर्ण झाली. खालची ओळ मामानं आदल्या दिवसापासून चार वेळा लिहून पाहिली होती. आजी समोर उभ्या राहून ती दोनदा वाचून गेल्या. ज्यांनी वाचायची, ते मात्र नव्हते.

बाळांनो, देवाच्या दारी उशीर होत नाही म्हणतात. तिथं त्यांना कळलं असेल, असं मी मानून चालते. आपल्या हातून मात्र उशीर झाला. म्हणून एवढंच मागणं आहे. पाच ऑगस्ट उजाडला की घटकाभर थांबा, आणि पुलाशी आडवा उभा राहिलेल्या त्या पहारेकऱ्याची आठवण काढा.