बोटभर पुढे

हे खरं घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हसू नका... गोष्ट माझ्या वडिलांची आहे.

मी ग्रंथपाल. माझ्या आधी त्याच खुर्चीत बाबा बसायचे. एके काळी आमच्याकडे नव्या पुस्तकासाठी भांडणं व्हायची. पुढेपुढे लोक यायचे ते पंख्याखाली डुलक्या काढायला.

बाबांची एक सवय होती. बरेच दिवस कोणी हात न लावलेलं पुस्तक ते रांगेतून बोटभर पुढे ओढून ठेवायचे.

"अगं, पुढे आलेल्याकडे हात आपोआप जातो," म्हणायचे. आणि खरंच जायचा.

बाबा गेले. वर्षभरात वाचनालय बंद करायचा हुकूम आला. सगळं आता मोबाईलवर मिळतं म्हणे! तिथे कचेरी होणार होती. पुस्तकं रद्दीत.

शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी मी एकटीच होते. दिवे नुकतेच लावले होते.

मागच्या कपाटाकडून आवाज आला...

खस्स.

पुस्तक ओढल्याचा. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

जाऊन पाहिलं. कोणी नाही. एक पुस्तक बोटभर पुढे.

मी ते आत ढकललं. वळले...

खस्स. खस्स. खस्स.

अख्खी रांग पुढे आली होती. बाबांना एकही पुस्तक सोडवत नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. पिशव्यांत मावली तेवढी पुस्तकं घरी आणली. बाकीची दुसऱ्या दिवशी टेम्पोत गेली.

महिन्याभराने आमच्या जुन्या शिपाईकाकांचा फोन आला.

"ताई, कपाटं तर कधीच काढली हो. पण दिवेलागणीला त्या भिंतीपाशी आवाज येतो... कोणीतरी चाचपडल्यासारखा. साहेबलोक पाचच्या ठोक्याला पळतात."

बाबा अजून शोधत होते.

मी तिथे गेले. कोऱ्या भिंतीपुढे उभी राहिले. आवाज येत होता...

"बाबा, थोडी माझ्याकडे आहेत. नवीन घर तुम्ही पाहिलं नाहीत ना... दुसरा मजला. उजवीकडचं दार."

आवाज थांबला.

तेव्हापासून रोज रात्री मी घरची पुस्तकं एका रेषेत लावते. सकाळी उठल्या उठल्या बघते.

एकही हललेलं नसतं.

परवा समोरच्या दारातल्या वहिनी भेटल्या. "तुमच्याकडे उंदीर झालेत का हो? आमच्या मुलीची पुस्तकं रोज सकाळी फळीवर पुढे आलेली असतात. सगळी नाही, दोन-चार. अशी बोटभर."

मी वळून दोन्ही दारांकडे पाहिलं.

लिफ्टने आलं तर उजवीकडे माझं दार. जिन्याने आलं तर त्यांचं. आणि बाबा जन्मात कधी लिफ्टमध्ये बसले नाहीत.

"एक मात्र बरं झालं," वहिनी हसल्या. "पुस्तकाला न शिवणारी आमची पोरगी हल्ली वाचत बसते."

बाबा, इकडे... अशी हाक रोज घशापर्यंत येते.

मारत नाही.

माझी पुस्तकं सरळ लावते, दिवा मालवते, आणि दाराला कान लावून उभी राहते.

समोरून येतो आवाज...

खस्स.