हनुवटीएवढी लाल रेघ

भिंतीचा गिलावा अजून ओला होता आणि एक अनोळखी माणूस त्यावर खुशाल लाल रेघ ओढत होता.

चष्मेवाली हातातली पाण्याची बादली ठेवून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. सकाळपासून पावसाची भुरभुर लागली होती. त्या माणसाचा सदरा पाठीला चिकटला होता, पण ब्रश धरलेला हात मात्र अगदी स्थिर होता.

"अहो, ती भिंत आहे. वही नाही."

तो वळला. उंच, उन्हाने रापलेला, पापण्यांवर पावसाचे थेंब. "माफ करा. मी बांधकाम खात्यातून आलोय. गेल्या पुराची पातळी, वर दीड फूट… तुमची फरशी इथे यायला हवी."

रेघ बरोबर तिच्या हनुवटीला टेकत होती.

"फरशी? इथे?"

"हो."

"मग मी आत्ता उभी आहे तिथे काय?"

"तिथे मोकळे खांब. पाणी आलं तर अडायला नको. खालून निघून जायला हवं."

"म्हणजे पाण्याची सोय झाली," ती म्हणाली. "आता आमची सांगा."

तो कागदांची पिशवी छातीशी धरून शेजारच्या घराकडे गेला. तिथेही रेघ ओढायची होती. गल्लीत नदीच्या बाजूला चार घरं, चार रेघा. संध्याकाळपर्यंत गल्लीने त्याचं बारसं करून टाकलं… रेघवाला.

चष्म्यांचं हे दुकान तिच्या बाबांनी उभं केलं होतं. काचा घासण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या वर्षी पूर आला तेव्हा ती काचा आणायला दुसऱ्या गावी गेली होती आणि बाबा दुकानात एकटे अडकले. पाच तास छातीभर पाण्यात, माळ्याची कड धरून. माणूस वाचला, पण उजव्या हाताला जी थरथर लागली ती काही जाईना. आता काचा ती घासायची आणि बाबा शेजारी बसून नुसतं, "हळू… आणखी हळू," म्हणायचे.

भिंती पडल्या होत्या, म्हणून घर नव्याने बांधायला घेतलेलं. आणि आता हा हुकूम. दीड फुटाच्या नव्या जोत्यावर उभं राहून हनुवटीएवढी, म्हणजे रस्त्यापासून सहा फूट उंच फरशी, म्हणजे बारा पायऱ्या. तिच्याकडे येणारी निम्मी माणसं धड दिसत नाही म्हणून येणारी. गुडघे धरून चालणाऱ्या आज्या, काठी टेकणारे आजोबा. त्यांनी बारा पायऱ्या चढायच्या, तेही चष्म्याशिवाय. या नियमाला डोकं होतं की नाही, याचीच तिला शंका होती.

ती तडक कार्यालयात गेली. तिथले साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

दरवाज्याशी रेघवाला उभा होता. त्याने मान खाली घातली, हे तिने बरोबर टिपलं.

पुढचे आठ दिवस तो तीन पायांची दुर्बीण लावून गल्ली मोजत होता, आणि ती शेजारच्या शिंपीणकाकूंच्या माडीवर थाटलेल्या तात्पुरत्या दुकानातून त्याला बघत होती. रागाने. निदान काकूंना तिने तसंच सांगितलं. काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "इतका वेळ रागाने बघितलं तर मान आखडते गं."

पण बघता बघता तिच्या धंद्याच्या नजरेला एक गोष्ट दिसली. आकडा वाचताना तो मान तिरकी करायचा आणि डावा डोळा चोळायचा. चष्मेवाली ताडकन जिना उतरली.

"डोळे कधी तपासलेत?"

"माझे? शाळेत असताना… बहुतेक."

"त्याच डोळ्यांनी आमची घरं मोजताय? चला वर."

तो मुकाट्याने आला. तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवली. बसवताना बोटं त्याच्या कानामागच्या ओल्या केसांना लागली आणि तिने ती जरा घाईनेच मागे घेतली.

"खालून दुसरी ओळ वाचा."

"सात, दोन, तीन… नाही, आठ."

"नक्की ठरवा. आमचं घर त्यावर अवलंबून आहे."

"तुम्ही अशा समोर उभ्या राहिलात तर नाही ठरवता येणार."

ती बाजूला झाली. काच बदलली. "आता?"

"आता स्पष्ट दिसताय."

"मी ओळ वाचा म्हटलं."

"तीच वाचत होतो… थोडी बाजूला सरकली."

कोपऱ्यात काकूंचं मशीन मध्येच थांबलं आणि मग उगाचच जोरात चालू झालं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. चष्मेवालीचे कान तापले. तिने चिठ्ठीवर नंबर इतका दाबून लिहिला की कागद फाटला.

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. तो त्याच्या हातात देत ती म्हणाली, "आता परत मोजा. रेघ चुकलेली निघणार."

त्याने मोजलं. एकदा, दोनदा. मग ब्रश हातात घेऊन अडखळत म्हणाला, "चुकली होतीच. दोन बोटं… वर जाईल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचा आणखी राग आला.

"बरं," ती म्हणाली. "डोळे आता चांगले आहेत. मग वळणावरच्या शोरूमची रेघ कुठे आहे ते दाखवा."

नदीच्या वळणावर, गल्लीच्या वरच्या अंगाला, दोन वर्षांपूर्वी गाड्यांचं मोठं शोरूम झालं होतं. काचेच्या भिंती, रस्त्याला लागून फरशी, खाली तळघर. बारा पायऱ्या सोडाच, एक पायरी नव्हती. "नियम सगळ्यांना सारखा, मग तिथली भिंत तुम्हाला दिसली नाही का? की लाल रंग फक्त आमच्यापुरता मिळतो?"

रेघवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "रविवारी याल? मापाची पट्टी धरायला माणूस लागतो."

रविवारी सकाळी शोरूम बंद होतं. ते दोघं बाहेरच्या रस्त्यावरून मोजत गेले. तिच्या हातात तिच्या दुप्पट उंचीची पट्टी, आणि पन्नास पावलांवर तो, दुर्बिणीला डोळा लावून.

"जरा डावीकडे… नाही, तुमच्या डावीकडे… आता हलू नका."

"श्वास घेऊ ना?"

"घ्या. पण बेताने."

पाऊस आला. त्याने आपली छत्री उघडून दुर्बिणीवर धरली आणि तिच्याकडे अपराधी नजरेने पाहिलं. ती तशीच भिजत उभी राहिली आणि तिला वाटलं, हा माणूस आपल्या कामाशी किती प्रामाणिक आहे. किती दिवसांनी कुणाबद्दल असं काही वाटलं होतं.

मोजून झालं. फरशी हवी त्यापेक्षा साडेचार फूट खाली होती. एवढंच नाही. शोरूमच्या मागे पूर्वी एक रुंद नाला होता, पुराचं पाणी त्यातून खालच्या मोकळ्या माळावर जायचं. तो भराव टाकून बुजवला होता, वर गाड्या उभ्या होत्या.

"म्हणजे ते पाणी…" ती म्हणाली.

"तुमच्या गल्लीत वळलं."

"आणि याला परवानगी कुणी दिली? मोजलं कुणी? कुणीतरी दाखला दिला असेल ना… कुणाची तरी सही असेल."

रेघवाल्याने चष्मा काढला. काचा सदऱ्याला पुसल्या, ओल्या सदऱ्याला. त्या आणखी पुसट झाल्या.

"माझी," तो म्हणाला.

तिच्या हातातली पट्टी तिरकी झाली.

"नोकरीचा पहिला महिना होता. साहेब म्हणाले, मोजमाप झालंय, सही तेवढी राहिलीय. मी जागेवर गेलोच नाही. गेल्या पुरानंतर कळलं… तेव्हापासून रोज ठरवतोय, कुणाला तरी सांगायचं."

"रोज?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "आमच्या भिंतीवर रेघ ओढतानाही? माझ्यासमोर बसून आकडे वाचतानाही?"

"हो."

"माझे बाबा पाच तास पाण्यात उभे होते. तुम्ही त्यांचा हात बघितलाय. माझ्या दुकानात डोळे तपासून घेताना बघितलाय." तिने पट्टी रस्त्यावर ठेवली, टाकली नाही, ठेवली. "पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

काकूंच्या माडीवर येऊन ती काचा घासायला बसली आणि एकामागून एक तीन काचा फोडल्या. बाबांनी "हळू" म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच विचारलं, "त्याने आपणहून सांगितलं?"

"त्याने काय फरक पडतो?"

"मी विचारतोय नुसतं."

गल्लीने शोरूमविरुद्ध तक्रार दिली आणि महिन्याभराने कार्यालयात सुनावणी लागली. गल्लीतली झाडून सगळी माणसं गेली. ती बोलायला उठली तेव्हा हातातला कागद तिने उघडलाच नाही. "उंच बांधा म्हणता, बांधतो," ती म्हणाली. "मी स्वतः पट्टी धरलीय, पाणी कुठवर येतं ते मला आता कळतं. पण आम्ही वर चढायचं आणि ज्यांनी पाण्याची वाट बुजवली त्यांनी खाली गाड्या विकायच्या, याला नियम म्हणत नाहीत. आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना बुडवून वर आम्हालाच शिकवता?"

साहेब म्हणाले, शोरूमचा दाखला रीतसर आहे.

तेव्हा मागच्या भिंतीपाशी रेघवाला उभा राहिला. "दाखला खोटा आहे," तो म्हणाला. "सही माझी आहे, मोजमाप कुणाचंच नाही. हे खरं मोजमाप. मी तसं लेखी दिलंय, वरच्या कार्यालयातही." त्याने कागद टेबलावर ठेवला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर जाताना तो तिच्या अगदी जवळून गेला, पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माफी मागितल्यासारखं दिसू नये म्हणून असेल, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्याला घरी बसवलं. साहेबांची दुसरीकडे बदली झाली, तीही बढतीवर, आणि ते ऐकून शिंपीणकाकूंनीसुद्धा शिव्या दिल्या. शोरूमचा मालक कोर्टात गेला. पण नाला उकरून मोकळा करण्याचा हुकूम निघाला, आणि पावसाळ्याआधी तो मोकळा झाला.

मध्यंतरी एक दिवस तिला बाबांच्या उशीखाली एक नकाशा सापडला. चार घरांपुढून जाणारी एकच लांब, सावकाश चढण. एक फूट चढायला बारा फूट, सहा फुटांना बहात्तर. चारही घरांची रुंदी मिळून नेमकी तेवढीच. कडेला धरायला कठडा, मध्ये दम खायला टेकायची जागा, वर चारही दारांना जोडणारा सलग ओटा. पायऱ्यांची गरजच नाही.

"हा कधी आला होता?"

"तू नसताना. दारात नाही आला," बाबा म्हणाले. "मी खिडकीतून दोरी सोडून घेतला."

तिने नकाशा गवंड्याकडे दिला. 

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. दुपारची वेळ होती. चारही घरं खांबांवर उभी होती आणि त्यांच्या खालून गढूळ पाणी खळाळत निघून जात होतं. दुकानात दोन आजोबा चष्म्याची वाट बघत चहा पीत बसले होते. चष्मेवाली कठड्याशी आली आणि तिला तो दिसला. गुडघाभर पाण्यात, हातात मापाची पट्टी, वही रेनकोटच्या आत. त्याला पाणी मोजणाऱ्या चौकीवर खालच्या जागेवर परत घेतलंय, असं तिच्या कानावर आलं होतं.

"किती आहे?" तिने वरून विचारलं.

तो दचकला. "तुमच्या फरशीखाली साडेचार फूट. उतरतंय आता."

"नाला?"

"वाहतोय. सकाळीच बघून आलो."

पाऊस दोघांच्या मधून पडत राहिला.

"मला तुमचा राग आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"बाबांच्या हाताकडे पाहिलं की येतो. पुढेही येणार."

"यायलाच हवा."

"आणि आठ महिने मी गल्लीच्या तोंडाकडे बघत बसलेय, त्याचाही आहे. दारात येऊ नका म्हटलं तर माणूस खरंच येत नाही?"

त्याने वही मिटली. "पुलापर्यंत यायचो. रोज. पुढे पाय उचलायचा नाही."

"मग आज बरा उचलला."

"आज ड्यूटी आहे."

ती कठड्यावर वाकली आणि नुसती बघत राहिली.

"दुसऱ्याची होती," तो म्हणाला. "मी… मागून घेतली."

आत एका आजोबांनी कप खाली ठेवला. बाबांनी त्यांना हाताने गप्प बसायची खूण केली.

"वर ये," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "काय म्हणालात?"

"वर ये म्हटलं. भिजतोयस."

तो चढणीवरून आला, सगळे बहात्तर फूट, कठडा धरून, मध्ये दम न खाता. ती दारात उभी होती, बाजूला न होता.

"आधी सगळं ऐकून घ्यायचं आहे तुला," तिने बजावलं. "खूप आहे. बसून ऐक."

आणि त्याचा गार पडलेला हात धरून ती त्याला आत घेऊन गेली.