हवेपेक्षा कमी

तीन व्हॉल्व्ह तपासायचे आणि एकावर सही करायची, एवढेच तपासनिसाचे काम. पण तो व्हॉल्व्ह हायड्रोजनच्या लाइनवर बसणार होता, आणि सोमवारपासून त्या लाइनवर त्याची एकुलती एक मुलगी उभी राहणार होती. हायड्रोजन दिसत नाही, त्याला वास नाही, पेटला तर उजेडात ज्योतही दिसत नाही. म्हणून तपासनीस व्हॉल्व्ह बंद करून आत न पेटणारा हेलियम भरायचा आणि हेलियमची गळती मोजणाऱ्या यंत्राची नळी सांध्यांवरून गोगलगाईच्या चालीने फिरवायचा. बोल्ट आवळायला मुलगी मदतीला होती.

पहिला व्हॉल्व्ह गळला. दुसराही गळला, पण नियमात बसेल इतपत. तिसरा मेहुण्याने विकायला आणलेला.

त्याच्याजवळ नळी नेली तसा यंत्रावरचा आकडा उतरत पार शून्यावर आला.

“बघा भावजी, कणभरही नाही!”

तपासनिसाच्या कपाळाला आठी पडली. साध्या हवेतही हेलियमचा अंश असतो. आकडा कधीच शून्य होत नाही.

“यंत्राला हात लावलास?”

“फोडा, मेहुण्याच्याच डोक्यावर खापर फोडा!”

त्याने दुसरे यंत्र आणले. शून्य. मग ठरावीक हेलियम सोडणारी छोटी बाटली नळीशी धरली. आकडा झपाट्याने चढला. म्हणजे यंत्र ठीक होते. तशीच बाटली नि नळी त्याने व्हॉल्व्हजवळ नेली.

शून्य.

मुलगी व्हॉल्व्हला कवेत धरून मागचा बोल्ट सोडवत होती.

“बाबा, तेलकट हात लावला तरी याच्यावर डाग उठत नाही.”

“बाजूला हो.”

“झालंच.”

त्याने तिसऱ्यापुढे ‘नापास’ लिहिले आणि दुसऱ्यावर सही केली.

मेहुणा उसळला. “गळला तरी नापास, नाही गळला तरी नापास! व्हॉल्व्ह निवडताय की जावई?”

“दुसरा किती गळतो ते मला ठाऊक आहे. याचं काहीच कळत नाही. घेऊन जा.”

तिघांनी व्हॉल्व्हचा खोका उचलून बाहेर मेहुण्याच्या गाडीत ठेवला. सकाळ कडक गारठ्याची होती. मेहुणा पुटपुटत होता आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तपासनिसाने सुस्कारा सोडला. त्याचीही वाफ पांढरी उठली, विरली.

“सुटलो एकदाचे,” शेजारी उभी असलेली मुलगी हसत म्हणाली.

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

“बाबा, असं काय बघताय?”

तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.