त्याले मोजू नका

लाइट गेली तर जाऊ द्या. गच्चीवर वारा तरी आहे. मघापासून तुम्ही पोरं जंगलातल्या बिबट्याच्या गप्पा हाणताय, म्हणून मला एक आठवलं. हे माझ्या ओळखीतल्या माणसावर गुदरलेलं आहे. उंद्रीचा चंद्रशेखर. चिखलीला त्याचं जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे, आमच्या विहिरीवरची मोटार तोच भरतो. बोलायला कमी. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारलं तर उठून गेला.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ज्ञानगंगेच्या जंगलात पाणवठ्यांवर मचाणं बांधतात आणि पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. चंद्रशेखर हौसेनं जायचा. ही गोष्ट २०२४ सालची. तेवीस मे, गुरुवार. सकाळी विहारात वंदना झाली, खीर झाली. दुपारी त्याची बायको धम्मशीला डबा बांधता बांधता म्हणाली, "झोपीत मचानावरून खाली पडू नका मंजे झालं."

"मी कायले झोपतो? वर्षातून एक रात तं भेटते."

जंगलखात्याच्या जीपनं त्याला मचाणाशी सोडलं. जोडीला जानराव होता. जंगलखात्यातला जुना मजूर, जन्म तिथल्याच वस्तीतला. खाली सिमेंटचा बशीसारखा पाणवठा, काठोकाठ भरलेला. भोवती सागाचं पानगळीचं रान. वाळक्या पानांचा असा थर, की उंदीर गेला तरी करकर ऐकू यावी.

चांद वर आला. दिवसासारखं लख्ख. पण पाण्यावर कोणीच येईना. एरवी तिथं संध्याकाळपासून रीघ लागते.

"काऊन भाऊ, आज सारं जंगल उपाशी झोपलं का?" चंद्रशेखर हळूच हसला.

जानराव हसला नाही. तो पाण्याच्या पलीकडे बघत होता.

बऱ्याच वेळानं एक रोही, म्हणजे नीलगाय, आली. मागं पिल्लू. मायलेकरांच्या बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळलेली. पाण्याचा वास लागला तसं पिल्लू पुढं धावलं. तोंड पाण्याला लागणार, तोच...

"हाड... हाड..."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. थकलेला. रोहीनं कान टवकारले आणि पिल्लाला घेऊन उधळली.

मग चितळं आली. पुन्हा तेच. "हाड... हाड..." एक अस्वल आलं, तेही काठावरून वळलं.

चंद्रशेखरचं डोकं तापलं. असल्या उन्हाळ्यात तहानेल्या जनावराला पाण्यावरून हुसकायचं? नक्की कोणी शिकारी दबा धरून असणार. त्यानं डोळे ताणले. पलीकडच्या काठावर एक जण उकिडवा बसला होता. डोक्याला दुपट्टा. मग तो उठला आणि पाण्याभोवती फिरू लागला.

"माणूस हाये थो, जानरावभाऊ. लिहून ठेवतो, सकाळी साहेबाले दाखवू." त्यानं मोजणीचा कागद पुढं ओढला.

जानरावनं त्याचा हात दाबून धरला. "त्याले मोजू नका."

"काऊन?"

"ऐका जरा."

चंद्रशेखरनं ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. तो माणूस वाळक्या पानांतून चालत होता... आणि एक पान वाजत नव्हतं.

"हिंमतराव हाये थो," जानराव कुजबुजला. "मी लहान होतो तवा इथं झरा होता. त्यानं झऱ्यात जहरी औषध कालवलं. सांबर पडीन म्हने, वाटे करू. सांबर नाई पडलं. त्याची नात मायसंगं तेंदूपत्ता तोडाले आल्ती. तिले लागली तहान..."

जानरावनं खाली पाण्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "त्याच्यानंतर थो घरी गेलाच नाई. मरेपर्यंत इथंच बसला. वाटसरू येवो का गाय येवो... हाड, हाड."

पण चंद्रशेखर शिकलेला, कारागीर माणूस. वायर तुटली तर कुठं तुटली ते शोधायचं, एवढंच त्याला ठाऊक. जानराव नको नको म्हणत असताना तो शिडीवरून उतरला. बॅटरी मारली.

काठावर कोणी नव्हतं.

घाम डोळ्यांत उतरत होता. घशाला कोरड. तो पाण्याशी वाकला. तोंडावर दोन ओंजळी मारू म्हणून हात खाली नेला...

मनगट धरलं गेलं.

थंड. माठासारखं थंड.

"नको, बापू..."

कानाशी आवाज. श्वास नाही, नुसता आवाज.

"नको..."

तो कसा वर चढला, त्याला आठवत नाही. जानरावनं त्याला ओढून घेतलं आणि त्याच्यावर आपली चादर टाकली. दोघं एकमेकांना धरून बसले.

मग खाली आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र...

काहीतरी ओढत आणल्याचा. थांबायचा. लांब जायचा. पुन्हा जवळ यायचा.

खर्र...

बघायची हिंमत झाली नाही. चंद्रशेखरनं मनातल्या मनात बुद्धवंदना धरली. मधेच ओळ विसरली. पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा तिथंच विसरली.

उजाडलं तेव्हा आवाज थांबलेला होता. दोघांनी खाली पाहिलं. पाण्याला चहूकडून काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. कंबरभर उंच, घट्ट, कुठं फट नाही. आणि आत पाण्यावर बेडूक उताणे तरंगत होते.

जीप आली. शोधाशोध झाली. नाल्यात युरियाची रिकामी पोती सापडली. शिकाऱ्यांची रीतच ती, युरिया पाण्यात कालवून जनावरं पाडायची आणि पहाटे उचलून न्यायची. कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण बेडूक सोडले तर त्या रात्री त्या पाणवठ्यावर एक जनावर मेलं नाही. आणि माणूसही.

पाणी उपसून टाकायचं म्हणून जीपचा ड्रायव्हर गजेंद्र कुंपण ओढायला गेला. त्यानं एक काटी उचलली आणि तशीच टाकली.

"भाऊ... या काट्या वल्ल्या हायेत."

चंद्रशेखर जवळ गेला. बाभळीच्या फांद्या होत्या. त्या डोंगरावर बाभूळ नाही. वरती आभाळ कोरडं, पायाखाली फुफाटा. आणि त्या फांद्या हिरव्यागार, भर पावसाळ्यात फुलतात तशा. पिवळ्या फुलांनी लगडलेल्या. फुलाफुलातून पावसाचं पाणी ठिबकत होतं.