घरची साखळी

बावीस टनांची पोलादी पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉईल, तसूभरही सरकली नव्हती, आणि परीक्षण केंद्रातल्या सगळ्यांना त्याचाच अभिमान वाटत होता. जालन्याबाहेरच्या त्या काचेच्या खोलीत डॉ. निरंजन कवठेकर पडद्यावर अपघाताची नोंद दाखवत होते. चालकाविना धावणारा सपाट ट्रेलर, त्यावर कॉईल, आणि तिच्यावरून ताणलेल्या चार साखळ्या. खिडकीबाहेर तोच ट्रेलर उभा होता, पुढचा भाग लख्ख धुतलेला. तो धुतला कोणी आणि कोणाला विचारून, यावरून मंदाकिनी उगले सकाळीच एकदा कडाडल्या होत्या.

मंदाकिनी या भारसुरक्षा निरीक्षक. चौकशीच्या अहवालावर त्यांची सही हवी होती. अहवाल आधीच लिहून ठेवला होता. 'बांधणी निर्दोष. रस्तादुरुस्तीच्या ठिकाणी लाल निशाण दाखवणारी मजूर कौसल्या घुगे चुकीच्या जागी उभी होती.' सही झाली की सोमवारपासून असेच तीनशे ट्रेलर घाटात उतरणार होते. मेलेल्या बाईच्या माथी दोष मारायला या लोकांना एक ओळ पुरली होती.

"तुमची यंत्रणा मला नीट समजावून सांगा," मंदाकिनी म्हणाल्या.

कवठेकरांची कळी खुलली. 'स्थिरभार' हे त्यांचं लाडकं अपत्य. "पूर्वी चालकानं करकचून ब्रेक दाबला की ट्रेलर थांबायचा, पण कॉईल थांबायची नाही. साखळ्या तुटायच्या आणि ती केबिन चिरडत पुढे जायची. आम्ही प्रत्येक साखळीत ताण मोजणारे ताणवेधक बसवले. साखळ्या किती ओढ सोसतील, हे आता गाडीला क्षणोक्षणी कळतं."

"कळून ती काय करते?"

"त्या मर्यादेत राहते. साखळी तुटेल असं काही करतच नाही. म्हणून तर आठऐवजी चार साखळ्यांत भागतं. दर गाडीमागे अर्धा तास वाचतो. तीन वर्षांत एक कॉईल हललेली नाही, मॅडम!"

दाराशी यार्डातले बशीर तांबोळी केव्हापासून उभे होते. साखळ्या त्यांनीच बांधल्या होत्या, म्हणून त्यांना साक्षीला बोलावलं होतं. तीस वर्षं ट्रेलर चालवलेल्या त्या माणसाला कोणी बस म्हटलं नव्हतं. मंदाकिनींनी स्वतः उठून खुर्ची ओढली.

"बशीरभाई, तुम्ही गाडी चालवत होता तेव्हा किती साखळ्या लावायचात?"

"कंपनीच्या आठ, म्याडम. अन् वर एक घरची."

"घरची म्हणजे?"

"कॉईल आपल्या मानंमागंच असती ना. आठ नियमाच्या, नववी घरच्यांसाठी. समदे डायवर लावायचे. लोखंडी टॉमीनं ठोकून आवाज ऐकायचा, मंगच चाक हलायचं." त्यांनी मान खाली घातली. "त्या दिशी म्या नववी सोडा, पाचवी लावाया गेलतो. मशीन लाल झालं. 'अनावश्यक बंध' म्हणालं. काढल्याबिगर गाडी हलंना."

केबिनमधला माणूस गेला आणि त्याच्यासोबत घरची साखळीही गेली, हे या शहाण्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

मंदाकिनींनी नोंद पुन्हा लावायला सांगितली. वळणापलीकडे कौसल्या लाल निशाण हलवत होती. तिच्यामागे सहा जण डांबर पसरत होते. गाडीचा वेग कमी होताना दिसत होता, म्हणून ती जागची हलली नाही. गाडी थांबतेय असंच तिला वाटलं असणार.

"ती गाडीला कधी दिसली?"

"वळण संपताच. पन्नास मीटरवर. वेग ताशी साठ."

"आठ साखळ्या असत्या तर गाडी किती अंतरात थांबली असती?"

कवठेकरांनी आकडे घातले. "अठ्ठावीस मीटर."

"आणि चारवर?"

त्यांचा हात थबकला. "सत्तावन्न."

"ब्रेक नादुरुस्त होते?"

"नाही. ब्रेक उत्तम आहेत."

"मग पूर्ण लावले का नाहीत?"

"पूर्ण लावले असते तर साखळ्या..." कवठेकरांचा चेहरा उतरला. "कॉईल सुटली तर कितीही माणसं मरतील, म्हणून ती मर्यादा मोडायची परवानगीच गाडीला नाही."

"म्हणजे तिला बाई दिसली. थांबता येत होतं. तुम्ही चार साखळ्या काढून घेतल्यात, म्हणून तिला थांबायची सोय उरली नाही!" मंदाकिनींनी टेबलावर हात आपटला. "कॉईल सांभाळलीत, अन् बाई मारलीत!"

कोपऱ्यात बसलेले कंपनीचे संचालक प्रमोद आसोलकर आता पुढे झाले. "मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. पन्नास मीटरवर माणूस येणं हे हजारात एखादं. यंत्रणा सुरक्षित आहे. सही करा."

"सुरक्षित आहे?"

"शंभर टक्के."

"मग चला बाहेर."

तोच ट्रेलर कॉईलसह चाचणीच्या रस्त्यावर आणवून मंदाकिनींनी पन्नास मीटर टेपनं काटेकोर मोजले आणि खडूनं रेघ ओढली. "इथं उभे राहा. गाडी साठच्या वेगानं येईल, पन्नास मीटरवर तुम्हाला पाहील आणि ब्रेक लावेल. थांबली की इथंच सही करते."

काचेमागून सगळं केंद्र बघत होतं. आसोलकर उसनं हसत रेघेवर उभे राहिले. हसू फार टिकलं नाही.

"साखळ्या किती आहेत?" त्यांनी ओरडून विचारलं.

"चार. तुमच्या यंत्रणेनं ठरवल्यात तेवढ्याच."

"आठ लावा!"

बशीरभाईंनी पाचवी साखळी टाकली. ट्रेलरवरचा दिवा लाल झाला. अनावश्यक बंध.

"बंद करा ते यंत्र!" रेघ सोडून ट्रेलरकडे धावत येत आसोलकर किंचाळले. "कवठेकर, बंद करा म्हणतो ना!"

कवठेकरांनी यंत्रणा बंद केली. बशीरभाईंनी आठही साखळ्या कसल्या, एकेक टॉमीनं ठोकली आणि कान लावून ऐकली. आसोलकरांच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती.

"झालं, साहेब. कंपनीच्या आठ झाल्या."

"ती... नववी?" आसोलकरांनी उरलेल्या साखळीकडे बोट दाखवलं. "ती तुमची, ती पण लावा."

"घरची?"

आसोलकरांनी मान हलवली. बशीरभाईंनी साखळी उचलली, पण लावली नाही.

"राहू द्या, बशीरभाई," मंदाकिनी म्हणाल्या. "गाडी सुरू करायचीच नव्हती."

त्यांनी अहवाल ट्रेलरच्या फळीवर ठेवला. तीनशे गाड्यांच्या परवानगीवर आणि कौसल्येला दोष देणाऱ्या ओळीवर काट मारली. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सुरक्षिततेसाठी पुरेशा मानलेल्या साखळ्या: कौसल्या घुगे यांच्यासाठी चार. संचालक आसोलकर यांच्यासाठी, त्यांच्याच मागणीवरून, नऊ.' मग सही केली.