उशीखालची चकती

"दादानेच आईला मारलं!" बाई दारातूनच म्हणाल्या.

बारीकरावांनी खुर्ची पुढे केली. खाजगी गुप्तहेराला हे नाव त्यांच्या मेव्हण्याने पाडलेलं. मेव्हणा कायम सोबत. डोकं बेताचं, मतं मात्र ढीगभर.

आई ठार बहिरी. म्हणून खोलीतल्या धुराच्या अलार्मला एक चकती जोडलेली. धूर झाला की ती उशीखाली थरथरायची. दुपारी घरात कोणी नसताना चादर हीटरवर पडली आणि आई झोपेतच गुदमरून गेली.

"नंतर मी अलार्म दाबून पाहिला, ठणठणीत वाजतो. मग आई उठली का नाही? दादाने चकती काढली असणार. घर हवंय त्याला!"

"तुम्ही कुठे होता?"

"बाजारात. माहेरी आले की आईच्याच खोलीत झोपते. पहिल्या रात्री अलार्मच्या टिवटिवीने डोळ्याला डोळा लागला नाही. सेल उतरला की टिवटिवतो मेला. आईला कुठे ऐकू येतंय! दुसऱ्या रात्रीपासून मात्र गाढ झोपले."

बारीकराव त्या घरी गेले. दादा वरच्या मजल्यावर राहायचा. "दर रविवारी मी बटण दाबायचो, आई उशीवर हात ठेवून मान डोलवायची. चकती जागेवरच होती."

"सेल कधी बदललात?"

तो खिडकीकडे वळला. "आठवत नाही."

बारीकरावांनी स्टुलावर चढून अलार्म उघडला. सेल कोरा करकरीत. तो काढला, तर खाली काजळी.

"सापडला चोर!" मेव्हणा कुजबुजला. "यानेच काढला होता!"

"गप्प बसा हो."

त्यांनी भावंडांना समोरासमोर बसवलं.

"सेलाखालीही काजळी आहे. म्हणजे आगीच्या वेळी खण रिकामा होता, नवा सेल नंतर बसला. पण टिवटिव तर आधीच थांबली होती. कशी? कोणीतरी जुना सेल काढला. आईला ती ऐकू येत नव्हती, वर दादापर्यंत पोचत नव्हती. झोपमोड एकट्या तुमची होत होती, बाई."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सकाळी नवा आणणार होते हो... विसरले. मग नंतर दाबल्यावर अलार्म वाजला, तेव्हा वाटलं दादाने आधीच बसवलाय."

"आगीनंतर बसवला," दादा म्हणाला. "रिकामा खण बघितला आणि कळलं. आई तर गेलीच, तू तरी सुखाने जगावंस म्हणून."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"तूच केलं असतंस तर बरं झालं असतं रे, दादा," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.