मागे बसणारा मालक

झालं काय, तर क्लिनिकच्या पार्किंगमधून आपली जुनी गाडी मागे घेताना तिने एका पांढऱ्या गाडीचा आरसा उडवला. त्या गाडीवर ‘विकणे आहे’ची पाटी होती, म्हणून तिने घाबरत खालच्या नंबरवर फोन लावला. आला तो. उंच, शांत. फुटक्या आरशाकडे बघत म्हणाला, “आता घ्यावीच लागेल तुम्हाला.”

तिला गाडी हवीच होती ना पण! ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर या पेशंटच्या घरून त्या पेशंटच्या घरी, सिग्नलला थांबत थांबत. जुनी गाडी नुसती पेट्रोल ढोसायची. आणि ही हायब्रिड – थांबली की इंजिन बंद, हळू चालली की बॅटरीवर, चार्जिंगची भानगड नाही. दादाने मात्र नाक मुरडलं. धड पेट्रोल घे नाहीतर धड इलेक्ट्रिक, हे अधलंमधलं कशाला, म्हणाला. बॅटरी गेली की रडत बसशील.

मग बॅटरीचं विचारायला ती परत गेली. आणि परत. कारण गाडी विकली की तो हे शहर सोडून बहिणीकडे जाणार होता, कायमचा. दर वेळी एक चक्कर व्हायची. ती चालवायची आणि तो... चक्क मागे बसायचा.

“मी काय ड्रायव्हर आहे तुमची?” तिने चिडवलं. तो नुसता हसला. पुढे काही आला नाही.

एका रविवारी तिची नजर शेजारच्या सीटवर अडकली. पाठ खूप मागे कललेली, मानेपाशी छोटी उशी. असं कोण बसतं, ते तिला रोजच्या कामातून माहीत होतं. सिग्नल लागला, इंजिन बंद झालं. इतकं शांत, की त्याचा श्वास ऐकू आला.

“इथे कोण बसायचं?”

“आई. हॉस्पिटलला जाताना तिला इंजिनची थरथरसुद्धा सोसायची नाही. म्हणून ही घेतली. आता ती सीट बघवत नाही... आणि सरळही करवत नाही.”

तिने गाडी कडेला घेतली. पुढे या, म्हणाली, आहे तशीच राहू दे सीट. तो उतरला, दार धरून उभा राहिला, आणि मग हळूच येऊन टेकला. डोळे मिटले. ती स्टिअरिंगकडे बघत राहिली.

“मला पहिल्याच दिवशी पटली होती गाडी,” ती म्हणाली. “बॅटरी वगैरे सगळं निमित्त. घेतली की तुम्ही जाल, म्हणून...”

“मीही दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.”

“मग घेऊ... की नको?”

“नको घेऊस,” तो म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच. “विकायची नाहीये मला. जायचंही नाहीये. पण उद्या पेशंटकडे हीच घेऊन जा.”

तिने मान हलवली आणि गाडी हळूच, बॅटरीवरच, रस्त्याला घेतली.